ओलं आवारात मुरवा, सुकं कोरडं द्या

फोंड्यातल्या आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत. मी हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या कचऱ्याचं काम अंगावर घेतलं. पहिलं वर्ष चुका करण्यात गेलं. त्यानंतरच्या पाच वर्षांत ओल्या कचऱ्याची एकही बादली आमच्या फाटकाबाहेर गेलेली नाही. आसपासच्या सोसायट्यांतली माणसं येऊन विचारतात, खताच्या टाक्या बघतात, आणि घरी गेल्यावर पुन्हा फोन करतात. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सुरुवात ओल्यापासूनच का करायची, ते आधी सांगते. आपल्या गोव्यात कचरा नासतो तो पाण्याने. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. माशाच्या हुमणाने माखलेलं वर्तमानपत्र भंगारवाला घेत नाही. बिस्किटांचे, वेफर्सचे चकचकीत पुडे कोणालाच परत वापरता येत नाहीत. त्यांचे गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जळण म्हणून पाठवतात. तिथेही ओला गठ्ठा कुचकामी, कारण बरीच उष्णता पाणी आटवण्यातच जाते. म्हणजे ओलं सुक्यात मिसळलं की दोन्ही वाया. शिवाय हवा न लागता कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो, आणि मिश्र कचऱ्याचे डोंगर पेटतात. मडगावचा सोनसोडो कचराडेपो २०१९ च्या मे महिन्यात पेटला, तेव्हाचा धूर दक्षिण गोव्यातली माणसं विसरलेली नाहीत. साळगावला २०१६ साली कचरा प्रक्रियेचा प्रकल्प झाला, त्यानंतर काकोड्याला झाला. तिथे ओल्यापासून गॅस करतात, ते चांगलंच आहे. पण भाजीच्या देठांत, कलिंगडाच्या सालीत बहुतेक पाणीच असतं. ते पाणी गाडीत भरून डिझेल जाळत कोसभर न्यायचं कशाला? २०१६ च्या घनकचरा नियमांनीसुद्धा मोठ्या गृहसंकुलांना हेच सांगितलं, की कुजणारा कचरा शक्यतो आवारातच जिरवावा. आमची इमारत त्या मापाएवढी मोठी नाही, पण काम त्याच रीतीने होतं.

काहीही बांधण्याआधी सात दिवस वजन करा. ताणकाटा घ्या आणि रोज सकाळी सगळ्यांचं ओलं एकत्र तोला. आमच्याकडे दिवसाला साधारण एकोणीस किलो भरलं. रविवारी जास्त, सोमवारी कमी. हा आठवडा श्रावणात धरू नका. श्रावणात मासळी बंद, त्यामुळे आकडा फसवा येतो. तसंच १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीच्या काळात कुर्ल्या-सुंगटांची (खेकडे-कोळंबीची) टरफलं कमी असतात. ऑक्टोबर ते मार्चमधला एखादा साधा आठवडा घ्या.

आता टाक्या. बाजारात प्लास्टिकचे तयार पिंप मिळतात, पण मी जांभ्या चिऱ्यांच्याच बाजूची आहे. चिरा इथलाच, गवंड्याला सवयीचा, आणि तो ओल शोषून हळूहळू सोडतो. टाकी आतून साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच ठेवा. याहून लहान केली तर मधला ढीग तापत नाही. फार मोठी केली तर मध्यापर्यंत हवा पोचत नाही. दर दोन चिऱ्यांमध्ये दोन बोटं फट सोडा आणि आतून कोंबड्यांची बारीक जाळी लावा, नाहीतर घुशी येतात. समोरची बाजू फळ्या सरकवून बंद करता येईल अशी ठेवा, म्हणजे फावडं आत जातं.

तळाला सिमेंट घालू नका. ही माझी पहिल्या वर्षाची मोठी चूक. स्वच्छ दिसावं म्हणून मी कोबा करून घेतला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टाकीत गुडघाभर काळं पाणी साठलं, सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि तळमजल्यावरच्या काकींना पंधरा दिवस खिडकी उघडता आली नाही. त्यांनी एका शब्दानेही भांडण केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. कोबा फोडला, खाली वीतभर खडी आणि त्यावर नारळाची सोडणं उपडी मांडली. पाणी जिरू लागलं. टाक्यांची जागा विहिरीपासून लांब आणि आवारातल्या उंचवट्यावर धरा. वर पत्र्याचं छप्पर हवं, आणि ते चारही बाजूंनी हातभर पुढे आलेलं हवं. आपला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो.

टाक्या किती? आमच्या एकोणीस किलोला एक टाकी भरायला पंचवीसेक दिवस लागतात. तिसरी भरेपर्यंत पहिलीला जवळजवळ दोन महिने होतात आणि खत तयार असतं. पावसात सगळंच सावकाश चालतं, म्हणून पुढे चौथी बांधली. पहिल्या तीन टाक्यांना छपरासकट दर बिऱ्हाडामागे दीड हजार रुपये आले.

रोजचं काम वीस मिनिटांचं. टाकीत आदल्या दिवशीचा थर फावड्याने मधून उकरून खड्डा करायचा, त्यात आजचं ओलं घालायचं, आणि त्याच्याएवढाच, जमलं तर थोडा जास्त, पाचोळा वर पसरायचा. ओलं उघडं दिसता कामा नये. आठवड्यातून एकदा सळईने चार ठिकाणी भोकं पाडायची. सुरुवातीच्या थराला बादलीभर शेणकाला शिंपडा, पुढे जुनं खतच विरजणासारखं वापरता येतं.

ढीग नीट चालला आहे का, हे कळायला यंत्र लागत नाही. लोखंडी सळई मध्यात खुपसून दहा मिनिटांनी काढा. हाताला चटका बसला पाहिजे. मूठभर माल घट्ट पिळा: बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाचोळा कमी पडतोय, आणि काहीच न येता माल सुटून पडला तर ताकाचं पाणी शिंपडा. आंबूस वास आला तरी उपाय तोच, पाचोळा घाला आणि वर-खाली करा. फिनेल ओतू नका. जे जंतू आपलं काम करताहेत तेच मरतात. पावसाळ्यात पांढुरक्या, जाड अळ्या दिसतील. सोल्जर माशीच्या असतात त्या. कचरा फार वेगाने खातात, चावत नाहीत आणि घरात येत नाहीत. आमच्या मुलांना मी त्या हातावर घेऊन दाखवल्या, तेव्हापासून आयांची तक्रार थांबली.

सगळ्या गोष्टीचा जीव आहे पाचोळ्यात, आणि बहुतेक सोसायट्या इथेच अडकतात. जानेवारी ते मार्च आंब्या-फणसाचा पाला रानभर पडतो, तेव्हा तो लोक जाळतात. जूनमध्ये सुकं पान औषधालाही मिळत नाही. आपण मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, सुके बांगडे, सोलं, मीठ-मिरची भरतो, तसाच पाचोळ्याचाही पुरुमेंत करायचा. आम्ही चाळीस पोती पाचोळा आणि दहा पोती भुसा भरतो. भुसा साध्या लाकडाच्या मिलीवरचा घ्या, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. पोती जमिनीवर रचू नका. फळ्यांवर ठेवा आणि हात घालण्याआधी काठीने ठोका. पाचोळ्यात सापाचं घर असू शकतं. गमबूट घातल्याशिवाय कोणीही टाकीजवळ जायचं नाही, हा आमचा पक्का नियम आहे.

मासळीबद्दल सगळे घाबरतात. माझे वडील पावसाच्या तोंडावर माडांच्या आळ्यात सुकी मासळी नि मीठ पुरायचे, त्यामुळे मला कधी भीती वाटली नाही. बांगड्याची डोकी, कल्ले, सुंगटांची सालं जरूर घाला, फक्त ती ढिगाच्या अगदी मध्यात, कोपरभर खोल, आणि वर भुशाचा जाड थर. कडेला टाकलीत तर दुसऱ्या सकाळी सगळी मांजरं तुमच्या दारात. कुर्ल्यांचे डेंगे आधी दगडाने ठेचा, नाहीतर वर्षभर तसेच राहतात. तिसऱ्यांच्या शिंपल्या कुजत नाहीत. आम्ही त्या धुऊन वाटेवर टाकतो, चिखल बसतो. करवंट्या वेगळ्या जमवायच्या. ज्यांच्याकडे अजून चुलीवर पाणी तापतं ती मंडळी आनंदाने नेतात.

टाकीत काय नको, ते थोडक्यात: चहाचे कागदी कप, कारण आत प्लास्टिकचा थर असतो, तेलाचा मोठा साठा, आणि ‘विरघळणारी’ म्हणून विकलेली पिशवी, जी आपल्या ढिगात सहजी विरघळत नाही.

गणेश चवथीला वेगळी तयारी लागते. पाच दिवसांचं निर्माल्य, गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीची पानं-फळं, पाहुण्यांच्या जेवणावळीतली केळीची पानं, सगळं एकदम येतं. पूर्वी माटोळी केवणीच्या झाडाच्या सालीच्या दोराने बांधायचे, दोरासकट कुजायची. आता प्लास्टिकची सुतळी आली, आणि ती फावड्याला अशी गुंडाळते की कात्रीने सोडवावी लागते. म्हणून आम्ही चवथीच्या आधी घरोघर केवणीचा नाहीतर काथ्याचा दोर वाटतो. माटोळीची चांगली फळं वाटून खा, टाकीत नको. थर्माकोलची आरास १ जुलै २०२२ पासून कायद्यानेच बंद आहे. जुनी माळ्यावर असेल तर ती फोडू नका, तिचे कण आयुष्यभर वेचावे लागतात.

ओलं मार्गी लागलं की सुकं फारसं त्रास देत नाही. घरात दोनच डबे आणि एक खोकं पुरतं. सुक्याच्या डब्यात जाणारी प्रत्येक वस्तू आधी भांडी धुतलेल्या उरल्या पाण्यात विसळायची आणि निथळायची. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धा कापून लटकता ठेवा. तो टिकलीएवढा तुकडा गटारात जातो आणि कधीच परत मिळत नाही. पिशव्या दोरीवर चिमट्याने वाळवा. आमच्या जिन्याखाली चार पोती टांगली आहेत: कागद-पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या नि जाड प्लास्टिक, चकचकीत पुडे, काच-पत्रा. पहिल्यातलं आणि चौथ्यातलं बरंचसं भंगारवाला पैसे देऊन नेतो, बाकीचं ठरल्या वारी पालिकेच्या गाडीत. फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करा. गाडीवरची माणसं पिशवी हाताने उचलतात, आणि त्या हाताला काच लागली तर दोष आपला.

पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर तशीच लाल खूण करून, वेगळ्या पिशवीत. खोकं आहे ते संपलेल्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत गेलेली औषधं, रंगाचे डबे यांसाठी. ते तीन महिन्यांनी एकदा पालिकेकडे वेगळं सोपवतो.

एक अडचण गोव्याची म्हणून मुद्दाम सांगते. आमच्याकडे दोन फ्लॅट पर्यटकांना दिले जातात. शुक्रवारी येणारी मंडळी रविवारी बिर्याणी, बाटल्या, टिश्यू सगळं एका पिशवीत बांधून दाराशी ठेवून जातात. त्यांना रागावून उपयोग नाही, ती पुन्हा येणारच नसतात. आम्ही मालकांशी बोललो. आता स्वयंपाकघरात दोन रंगांचे डबे आणि भिंतीवर चित्रांचा तक्ता आहे, आणि पिशवी मिसळलेली निघाली तर ती वेगळी करण्याची मजुरी मालक झाडलोट करणाऱ्या मावशींना थेट देतो. मावशींनाच टाक्यांचं कामही जमतं, पण ते झाडलोटीच्या पगारात धरू नका. वेगळं काम, वेगळा पगार, हातमोजे नि गमबूट सोसायटीचे.

कचरा कमी करायचा म्हणजे मुळात घरात कमी आणायचा. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर उंडे घेऊन येतो, त्याच्यासाठी दाराला कापडी पिशवी अडकवा. मासळीला झाकणाचा डबा घेऊन बाजारात जा. पहिल्या दिवशी नुस्तेकारीण हसेल, तिसऱ्या दिवशी डबा पुढे करायच्या आत हात पुढे करेल. सोसायटीने साठ स्टीलची ताटं-वाट्या-पेले घेतले आहेत. सत्यनारायण असो की बारसं, ती फुकट मिळतात, फक्त घासून परत द्यायची. त्या एका खरेदीने आमच्या सुक्याच्या पोत्यातलं जितकं कमी झालं तितकं माझ्या साऱ्या भाषणांनी झालं नव्हतं.

खत तयार झालं की ते काळं, भुसभुशीत दिसतं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. दोन दिवस सावलीत पसरा आणि वाळू चाळायच्या जाळीतून चाळा. प्रत्येक घराला एक डबा, तुळशीला नि कुंड्यांना. उरलेलं आवारातल्या माडांना आणि जास्वंदीला. जाळीवर राहिलेले देठ, कुर्लीचे तुकडे, अर्धे कुजलेले काथ्याचे धागे टाकायचे नाहीत; ते रिकाम्या टाकीच्या तळाशी सोडणांवर पसरायचे आणि त्यावर दुसऱ्या दिवशीचं ओलं घालायचं.