एकाच कॅन्सर रुग्णाच्या निदानाच्या चार तारखा: जुळवायच्या कशा?

बायॉप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा नमुना घेणं, ४ मार्चला. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट ११ मार्चला. रुग्णालयात भरती १९ मार्चला. विम्याच्या दाव्यात २ एप्रिल. चार ठिकाणांहून आलेल्या चार फाइली, आणि चारही फाइलींत कॉलमचं नाव एकच, 'निदानाची तारीख'. चुकलं कोण? कोणीच नाही. प्रत्येकाने आपल्या दारात घडलं ते लिहिलं.

म्हणून कुठल्या दोन तारखांत किती दिवसांचा फरक आहे याची वजाबाकी करायच्या आधी मी कॉलमांची नावं बदलते: नमुना घेतला, रिपोर्ट दिला, भरती झाली, दावा केला. नाव काय द्यायचं हे कळत नसेल, तर नोंदी भरणाऱ्या माणसाला फोन लावा आणि एवढंच विचारा, "ही तारीख तुम्ही कुठल्या कागदावरून उतरवता?" मला एकदा उत्तर मिळालं, "कागदावरून नाही हो, ती चौकट रिकामी ठेवली तर पुढचं पान उघडतच नाही, म्हणून आजची टाकतो." डेटाच्या माहितीपत्रकात हे कधीच लिहिलेलं नसतं.

मग नियम ठरवा, आणि तो आकडे बघण्याआधी ठरवा. युरोपातल्या कॅन्सर रजिस्ट्र्यांनी (कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांनी) वर्षानुवर्षं वापरलेल्या क्रमवारीत पेशी किंवा ऊती तपासून झालेली पहिली खात्री सगळ्यात वर असते. त्यातही आधी नमुना घेतल्याची तारीख, ती नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची, आणि शेवटी रिपोर्टची. वरच्या पायरीची घटना आधी निवडलेल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत घडली, तर तिलाच मान. अमेरिकेतल्या 'सीअर' या कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा नियम वेगळा: डॉक्टरांनी कॅन्सर असल्याचं पहिल्यांदा म्हटलं ती तारीख, मग ते नुसत्या स्कॅनवरून का असेना. आमच्या या रुग्णाचं स्कॅन फेब्रुवारीत झालं असतं आणि त्यावर स्पष्ट निदान लिहिलेलं असतं, तर दोन्ही नियम पाळूनही तारखा वेगळ्याच आल्या असत्या.

आता वजाबाकी. सरासरी फरक काढू नका. उणे आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात आणि सगळं छान दिसतं. फरकांचा आलेख काढा आणि उंचवटे कुठे आहेत ते बघा. ३६५ दिवसांवर उंचवटा असेल तर वर्ष चुकलंय. जानेवारीतल्या नोंदी आधी तपासा, तेव्हा सवयीने जुनंच वर्ष लिहिलं जातं. १५ तारखेला किंवा १ जुलैला गर्दी दिसली तर दिवस किंवा महिना माहीत नसल्याने मधला भरलाय. ०३/०४ हे ३ एप्रिल की ४ मार्च, हा घोळ फक्त १२ पर्यंतच्या दिवसांतच लपतो.

एकदा एका गठ्ठ्यातल्या सगळ्या तारखा बरोबर १४६२ दिवसांनी सरकलेल्या होत्या. दोन दिवस मी नोंदी भरणाऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवली. दोषी निघालं एक्सेल: एक फाइल १९०० पासून दिवस मोजत होती, दुसरी १९०४ पासून, आणि कोणीतरी एकीतले आकडे दुसरीत चिकटवले होते.

मोठा फरक दिसला की तारखेला हात लावण्याआधी गाठ तीच आहे ना, ते बघा. एकीकडे डावा स्तन, दुसरीकडे उजवा, असं असेल तर ही दोन स्वतंत्र निदानं असू शकतात. उपचार निदानाच्या आधी सुरू झालेले दिसले, तर बहुतेक वेळा दुसऱ्या रुग्णालयाने जुन्या स्लाइड्स (नमुन्याच्या काचपट्ट्या) पुन्हा तपासून दिलेल्या रिपोर्टची तारीख आत शिरलेली असते. पुन्हा उद्भवलेल्या आजाराची बायॉप्सीही अशीच फसवते.

दाव्यांवर माझा भरवसा सगळ्यात कमी. कॅन्सर नाही ना, हे बघायला केलेल्या तपासणीवरही कॅन्सरचाच कोड पडतो. त्यामुळे किमान ३० दिवसांनी दुसरा दावा आला, तरच मी पहिला धरते. फक्त मृत्यूच्या दाखल्यावरून कळलेले रुग्ण तुलनेतून बाजूला काढा. त्यांच्यात मृत्यूची तारीख हीच निदानाची तारीख असते.

निवडलेली तारीख नव्या कॉलममध्ये जाते. शेजारी दोन कॉलम: कुठून घेतली, आणि दिवसापर्यंत पक्की की फक्त महिन्यापर्यंत. मूळ चार तारखा जशाच्या तशा राहू द्या. पुढच्या वर्षी कोणीतरी नियम बदलणारच आहे.