धरणग्रस्तांची चिनी चित्रं कशी पाहावीत

चिनी निसर्गचित्र म्हटलं की धुक्यातले डोंगर बघून आपण ‘वा’ म्हणतो आणि पुढे सरकतो. यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाची चित्रं अशी पाहू नका. त्या धरणानं १० लाखांहून अधिक माणसं उठवली. माझं आजोळ कोयनेच्या पाण्यात गेलंय, म्हणून चित्रकलेच्या तासाला मी ही चित्रं मुलांना दाखवतेच.

सुरुवात चिनी चित्रकार जी युन-फेई यांच्यापासून करा. त्यांनी २००९ साली या स्थलांतरावर एक लांबलचक गुंडाळीचित्र केलं. बीजिंगच्या रोंगबाओझाई या जुन्या कलासंस्थेत ते लाकडी ठशांनी छापलं गेलं. पडद्यावर अख्खं मावावं म्हणून ते बारीक करू नका. उंची पडदाभर ठेवा आणि उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकवा. गुंडाळी अशीच, हातभर उघडत वाचायची असते. डोंगर चीनच्या जुन्या सुंग राजवटीच्या काळातल्या चित्रांसारखे वाटतील, तिथे अडकू नका. माणसं शोधा. कुणी काय सोबत घेतलंय ते मुलांना मोजू द्या. माझ्या वर्गात इथे नेहमी शांतता पसरते, कारण घर सोडताना आपण काय उचलू हे प्रत्येक जण मनात ठरवत असतो. जींच्या चित्रांत अर्धी माणसं, अर्धी जनावरं अशा आकृतीही भेटतात. लहानपणी आजीकडून ऐकलेल्या भुतांच्या गोष्टी त्यांच्या हातात उतरल्या आहेत. या आकृतींचा अर्थ लगेच सांगून टाकू नका.

दुसरे चिनी चित्रकार लिउ श्याओदोंग. त्यांच्यासाठी मोबाइल कामाचा नाही. त्यांचं २००४ सालचं थ्री गॉर्जेसच्या विस्थापितांवरचं तैलचित्र ३ मीटर उंच, १० मीटर रुंद आहे. शाळेच्या भिंतीवर खडूनं तेवढी चौकट आखा, मुलांना तिच्यासमोर उभं करा, आणि मग चित्र दाखवा. त्यातली माणसं आपल्याएवढी आहेत हे त्याशिवाय अंगाला जाणवत नाही. पुढच्याच वर्षी लिउ यांगत्सेकाठच्या फेंगज्ये शहरात गेले आणि ते बुडणारं शहर पाडणाऱ्या मजुरांना समोर बसवून त्यांनी चित्र रंगवलं. उघडी अंगं, गादी, पत्त्यांचा डाव. गादीच्या रंगापासून सुरुवात करा, मग चेहरे, आणि नदी सगळ्यात शेवटी.

दोन्ही चित्रकार एकाच तासात उरकू नका. जींच्या बारीक रेषांनंतर डोळे थकलेले असतात, आणि लिउंच्या मजुरांकडे ताज्या डोळ्यांनीच पाहायला हवं.