सेंटॉरस एक्स-4 शांत असताना त्याचं तापमान कसं काढायचं

मेच्या पहिल्या आठवड्यात मध्यरात्री सोलापुरातल्या गच्चीवरून दक्षिणेला बघा. क्षितिजापासून साधारण 40 अंशांवर, नरतुरंगाच्या बाजूला, सेंटॉरस एक्स-4 ही न्यूट्रॉन तारा आणि साधा तारा यांची जोडी असते. डोळ्यांना काही दिसणार नाही: साधा जोडीदार तारा सुमारे 18 प्रतीचा, आणि क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात. काम लॅपटॉपवरच करायचं.

1969 आणि 1979 मध्ये क्ष-किरणांचे उद्रेक झाले, त्यानंतर हा न्यूट्रॉन तारा शांतच आहे. अंतर जेमतेम 1.2 किलोपार्सेक (सुमारे 3,900 प्रकाशवर्षं), म्हणून सरावाला सोयीचा. नासाच्या चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण वेधशाळेचा जुना डेटा फुकट मिळतो. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या डेटाचा मोह इथे टाळा, एवढ्या मंद स्रोताचे फोटॉन त्यात फार कमी येतात.

चंद्राचा डेटा हाताळणारं 'चाओ' पॅकेज लिनक्सवर चालतं. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाका. आधी कॅलिब्रेशन फायली ताज्या करा, मगच चंद्रा-रिप्रो (डेटावर नव्याने प्रक्रिया करणारी आज्ञा) चालवा. एसिस या चंद्राच्या डिटेक्टरच्या फिल्टरवर वर्षागणिक थर साचत गेलाय आणि 1 केईव्हीखालची (केईव्ही म्हणजे फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) संवेदनशीलता घटलीय. आपले बहुतेक फोटॉन नेमके तिथेच! जुन्या फायली वापरल्या की मॉडेल ती तूट वाटेतल्या वायूच्या माथी मारतं आणि हायड्रोजनची स्तंभघनता (आपल्या आणि ताऱ्याच्या मधल्या वायूचं प्रमाण) उगीच फुगते.

स्रोताभोवती 2 ते 3 आर्कसेकंद त्रिज्येचं वर्तुळ घ्या, पार्श्वभूमीसाठी 10 ते 20 आर्कसेकंदांचं कडं. कड्यात दुसरा तारा येत नाही ना, बघून घ्या. पाइलअपही तपासा. पूर्ण फ्रेम 3.2 सेकंदांची असते. तेवढ्यात एकाच जागी दोन फोटॉन पडले तर डिटेक्टर त्यांना एकच, जास्त ऊर्जेचा समजतो आणि तारा तापल्यासारखा दिसतो.

आता एक्सस्पेक या वर्णपटाला मॉडेल बसवणाऱ्या प्रोग्राममध्ये 0.5 ते 8 केईव्हीचा पट्टा घ्या. फिट किती जुळला ते मोजायला, दर बिनला (ऊर्जेच्या कप्प्याला) किमान 15-20 फोटॉन असतील तर काय-स्क्वेअर, एकूणच शंभराच्या आत असतील तर सी-स्टॅट. मॉडेल: टीबॅब्स (वाटेतल्या वायूचं शोषण) गुणिले (एनएसॅटमॉस अधिक पॉवर-लॉ); एनएसॅटमॉस म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याचं हायड्रोजनचं वातावरण, पॉवर-लॉ म्हणजे जास्त ऊर्जेकडची शेपटी. वस्तुमान 1.4 सूर्य, त्रिज्या 12 किलोमीटर, अंतर 1.2 किलोपार्सेक, नॉर्म 1 (सगळा पृष्ठभाग तळपतो असं धरून), ही चारही फ्रीझ करा, म्हणजे बदलू देऊ नका. सगळं मोकळं सोडलं तर फिट सुंदर बसतो, पण उत्तराला अर्थ नसतो. उच्च ऊर्जेचे फोटॉन कमी असतील तर पॉवर-लॉचा घातांकही 1.5 ला बांधून टाका.

साध्या ब्लॅकबॉडीने (वातावरण नसलेल्या आदर्श तप्त वस्तूच्या मॉडेलने) त्रिज्या काढू नका, ती अनेकदा किलोमीटर-दोन किलोमीटरच येते. हायड्रोजनच्या वातावरणात जास्त ऊर्जेचे फोटॉन खालच्या, गरम थरातून निसटतात; ब्लॅकबॉडी त्यामुळे तापमान वाढवतो आणि क्षेत्रफळ आक्रसतो. एनएसॅटमॉसचं तापमान पृष्ठभागावरचं असतं. दूरच्या निरीक्षकाला दिसणारं हवं असेल तर 0.81 ने गुणा, कारण ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणातून निघताना फोटॉनची ऊर्जा घटते.

दोन तारखांचे आकडे वेगळे आले म्हणून तारा थंड झाला असं लिहू नका. हा स्रोत शांत असतानाही चढउतार करतो. थोडाफार वायू बहुधा अजून पडत असतो. थंड होणारं कवच बघायचं असेल तर केएस 1731-260 हा दुसरा न्यूट्रॉन तारा घ्या, साडेबारा वर्षं तळपून 2001 मध्ये शांत झालेला.