तंबाखूच्या प्रश्नानंतर आणखी दोन प्रश्न

पैसे लावून खेळण्याबद्दल रुग्णांना विचारायचं, तर रुग्ण ‘हो’ म्हणाल्यावर त्याला कुठे पाठवायचं ते आधी ठरवा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, समुपदेशक कोण, भेट किती दिवसांत मिळते, हे रिसेप्शनच्या वहीत लिहिलेलं असू द्या. तेवढी तयारी नसेल तर विचारूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न दोनच, १९९७ सालच्या ‘लाय-बेट’ चाचणीतले. अधिकाधिक पैसे लावावेत असं कधी वाटलंय का? आणि आपण किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलंय का? एकालाही ‘हो’ आलं तर पुढे विचारपूस करायची. हे निदान नव्हे. निदानाला डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेतल्या ९ निकषांपैकी किमान ४ निकष १२ महिन्यांच्या काळात दिसावे लागतात.

आमच्याकडे सिस्टर बीपी घेतानाच झोप, तंबाखू, दारू विचारतात. त्याच ओघात, त्याच सुरात हेही विचारतात. फक्त सोबतच्या माणसाला आधी बाहेर बसवतात. बायको शेजारी असताना दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर कोण देईल?

पार्किन्सनच्या रुग्णांना मात्र चुकवू नका. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेला माणूसही पैसे उधळू लागू शकतो. अरिपिप्राझोल या मानसिक आजारांवरच्या औषधाबद्दलही तसा इशारा आहे. इथे घरच्यांनाही लक्ष ठेवायला सांगा. गोळी परस्पर बंद करू नका. न्यूरोलॉजिस्टशी बोलून डोस बदला.

‘हो’ आल्यावर मी पीजीएसआय, म्हणजे जुगाराची समस्या किती गंभीर आहे हे मोजणारी प्रश्नावली, भरून घेतो: ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज ३ ते ७ म्हणजे मध्यम धोका, ८ किंवा जास्त असतील तर तज्ज्ञांकडे. मग पाच-दहा मिनिटं बोलणं. “याबद्दल थोडं बोललं तर चालेल का?” इथून सुरुवात. खेळातून काय मिळतं हे आधी, काय जातं हे नंतर. हरलेले पैसे परत मिळवायलाच पुन्हा खेळतो, हे तो बहुधा स्वतःच सांगतो; तिथे आपण गप्प बसायचं. उपदेशाचा मोह आपल्या सगळ्यांनाच होतो, पण तो घरी त्याला भरपूर मिळालेला असतो. शेवटी एकच पाऊल, त्यानं निवडलेलं: फोनमध्ये साठवलेलं कार्ड काढणं, खर्चाला मर्यादा घालणं, किंवा काही काळ पगाराचं खातं विश्वासातल्या माणसाकडे देणं.

कर्जाचा विषय निघाला की आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं ते मनात भरत नाहीत. येत असतील तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पोचवा.

बाकीच्यांना १५ दिवसांनी बोलवा. फाइलमध्ये काय लिहिताय ते रुग्णाला सांगून लिहा. ती फाइल घरात कोण उघडतं ते आपल्याला माहीत नसतं.