जपानी पाहुणे हवेत? मग या चुका टाळा

दिवाळी झाली की छत्रपती संभाजीनगरात दोन-चार नवे टूरवाले उगवतात आणि यंदा जपानी मार्केट पकडायचं म्हणतात. त्यांचा हिशोब सरळ असतो: अजिंठा बौद्ध, जपान बौद्ध, म्हणजे माणसं येणारच. वर आधाराला सरकारी दाखले. जपानच्या वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राचा २०१३ पासून करार आहे, अजिंठा-वेरूळच्या विकासकामांना जपानचं कर्ज मिळालेलं आहे. सगळं खरं. पण करारानं दारात बस येऊन उभी राहत नाही.

तक्रार आली नाही म्हणजे सगळं छान, असं समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. ओसाकाहून ज्येष्ठ मंडळींचा एक ग्रुप आला होता, गाईड मी होतो, व्यवस्था एका स्थानिक टूरवाल्याची. छापील कार्यक्रमात अजिंठ्याला चार तास दिलेले. सकाळी निघालो आणि ड्रायव्हरनं गाडी थेट हिमरू कापडाच्या दुकानापुढे लावली. ‘दहाच मिनिटं’ म्हणता म्हणता तास गेला. सोबत आलेला जपानी टूर लीडर घड्याळ बघून वहीत काहीतरी टिपत होता. मी टूरवाल्याला फोन केला तर म्हणाला, “अहो, बघू द्या ना त्यांना, हौस असते.” पुढे फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी सोडून शटल बस घ्यावी लागते, तिथे रांग. वेळ भरून काढायला सतरा क्रमांकाच्या लेण्यातून लोकांना जवळजवळ हाकलावं लागलं. सव्वीस क्रमांकातली महापरिनिर्वाणाची मूर्ती, जिच्यासाठी त्यातले बरेच जण एवढ्या लांबून आले होते, ती पाच मिनिटांत उरकली.

कुणी एक शब्द बोललं नाही. निरोपाला सगळे कमरेत वाकून धन्यवाद देऊन गेले. टूरवाला खूश! तक्रार असते, पण ती घरी जाताना त्यांच्या जपानी टूर कंपनीच्या प्रश्नावलीत लिहिली जाते. पुढच्या हंगामात त्या एजन्सीचा एकही ग्रुप आला नाही, ईमेलला मात्र अत्यंत नम्र उत्तरं येत राहिली. दुकानातून सुटलेलं कमिशन किती असेल, तुम्हीच अंदाज करा.

माझी सवय सांगतो. रात्री जेवण झालं की मी टूर लीडरला बाजूला गाठतो. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ‘हो’ हे ठरलेलं. ‘उद्याच्यात काय बदलू?’ असं विचारतो. मग वही उघडते. आणि दुकान दाखवायचंच असेल तर ते कार्यक्रमात वेळेसकट छापा. पैठणी-हिमरू बघायला त्यांची ना नसते, न सांगता नेलेलं खटकतं.

कॅलेंडर न बघणं

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. इथल्या पोराटोराला ठाऊक असलेली गोष्ट, तरी दरवर्षी कुणीतरी फसतंच. रविवारी रात्री उतरलेल्या पाहुण्यांना सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ असं लावलं की दोन्हीकडे बंद फाटक. तेच उलटं लावलं की दोन्ही उघडं.

दुसरं कॅलेंडर जपानचं. एप्रिलअखेर ते ५ मे हा त्यांचा सुट्ट्यांचा गोल्डन वीक. एवढं वाचून नवशिके मे महिन्याच्या सवलती जाहीर करतात. मराठवाड्यातला मे, तापलेला कातळ आणि सत्तरीतले पाहुणे! त्यापेक्षा वर्षअखेरीची सुट्टी धरा. पदवी संपवून बाहेर पडणारे विद्यार्थी फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरतात, त्यांच्याकडे बघा. ऑगस्टच्या मध्यावर त्यांची ओबोनची सुट्टी असते, तेव्हा अजिंठ्याच्या लेण्यांखालच्या वाघोरा नदीला पाणी असतं आणि डोंगर हिरवा. पण पावसातला अजिंठा विकण्याचा धीर आपल्याकडे कुणाला नाही.

आणि घाई करू नका. तिकडच्या कंपन्यांची माहितीपत्रकं सहामाही निघतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पुढच्या महिन्याचा ग्रुप फोनवर मागणाऱ्याकडे ते सभ्यपणे दुर्लक्ष करतात. पहिलं वर्ष नुसत्या भेटी आणि पत्रव्यवहारात जाईल असं धरून चाला. ज्याला हे परवडत नाही त्यानं दुसरं मार्केट बघावं.

पाहुणे यात्रेकरू आहेत असं धरणं

काही असतात. बरेचसे चित्रकला आणि इतिहास बघायला येतात, तेही वाचून. नारा इथल्या होर्युजी मंदिरातली जुनी भित्तिचित्रं २६ जानेवारी १९४९ च्या आगीत होरपळली, हे त्यांच्यातल्या अनेकांना माहीत असतं. त्या चित्रांची तुलना अजिंठ्याशी होत आली आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोर गाईडनं एवढा धागा जोडून दिला की माणसं तिथून हलत नाहीत. पण आमचे गाईड काय सांगतात? जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी, १८१९, वाघाची शिकार, लेणी सापडली, चला पुढे.

बाकी किरकोळ

यंत्राकडून भाषांतर करून जपानी पत्रक छापू नका, साधं इंग्रजी चालतं.

व्हॉट्सॲपवर विसंबू नका, ते लाइन नावाचं ॲप वापरतात.

‘कमी तिखट’ म्हणजे आपलं कमी तिखट नव्हे. स्वयंपाकघरात स्वतः जाऊन चाखा.

वाटेतलं स्वच्छतागृह आदल्या दिवशी बघून या. ढाबेवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

त्यांच्या देशात टिपेची पद्धत नाही. दारात हात पुढे करून उभं राहणारा ड्रायव्हर मी पुन्हा घेत नाही.

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ते आधी महिना लिहितात, मग दिवस. त्यांचं ५/४ म्हणजे ४ मे. हॉटेलवाल्यानं ५ एप्रिलच्या खोल्या धरल्या तर ऐन गोल्डन वीकमध्ये पाहुणे लॉबीत बसतील, आणि तेव्हाही कुणी आवाज चढवणार नाही.