कॉलेजात असताना दिवस गेले तर आधी तारीख काढ

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी एसवाय बीकॉमला होते, वय २०, राहायला कळव्यात. पाळी चुकून नऊ दिवस झालेले आणि मी रोज मनाला सांगत होते, इंटर्नल्सचं टेन्शन असेल. तुझंही तसंच चाललं असेल तर आजच प्रेग्नन्सी टेस्टचं किट आण.

नाक्यावरचा मेडिकलवाला बाबांना ओळखतो, म्हणून मी घणसोलीला उतरून घेतलं. ‘यूपीटी द्या’ एवढंच म्हणायचं, म्हणजे हेच किट. त्याने मान वर न करता कागदात गुंडाळून दिलं. सकाळची पहिली लघवी, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब, पाच मिनिटं. आमच्याकडे बाथरूम एकच, बाहेरून भाऊ दार बडवतोय. दुसरी रेषा इतकी फिकट आली की ती नाहीच असं मी ठरवलं आणि किट अकाउंट्सच्या जर्नलच्या कव्हरात कोंबलं. फिकट रेषाही रेषाच असते. ते कळायला माझे चार दिवस गेले.

मग कॅलेंडर घे. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, ‘त्या’ दिवसापासून नाही. मी चार धरून बसलेले, निघाले सहा. ही तारीख कागदावर लिही, कारण पुढे सगळं तिच्यावर ठरतं. नऊ आठवड्यांपर्यंत गर्भपात गोळ्यांनी होऊ शकतो, पुढे पिशवी साफ करावी लागते. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात आणि ते ठरावीक कारणांसाठीच. लग्न झालेलं नाही म्हणून त्यातून वगळता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलंय.

वय १८ पूर्ण असेल तर संमतीची सही फक्त तुझी. नवऱ्याची नाही, आईबाबांची नाही. मी पहिल्यांदा गेले त्या खासगी दवाखान्यात बाईंनी माझ्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘मिस्टरांची सही लागेल, नाहीतर आईला घेऊन ये.’ मला वाटलं नियमच असेल. तसा नियम नाही. कोणी असं म्हटलं तर वाद घालत बसू नकोस, दुसरीकडे जा. १८ च्या आत असशील तर मात्र पालकांची लेखी संमती लागते आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं; त्या कळवण्यात तुझं नाव न देण्याची विनंती करता येते.

एका माणसाला सांग. जिच्या तोंडून दुसऱ्या कुणाची भानगड तू कधी ऐकली नाहीस, तिला. मी ऐरोलीच्या आत्याकडे गेले. ती पोळ्या लाटत होती. ‘आत्या, माझी पाळी चुकलीय.’ तिने गॅस बंद केला, पीठाचे हात तसेच धरून विचारलं, ‘किती दिवस?’ कोण तो, हे तिने दोन दिवसांनी विचारलं. (तो एकदा आला, रिक्षाचे पैसे दिले, बाहेर बसला. पुढे विशेष काही नाही.)

आत्याने मला महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. आधार कार्ड आणि तारखेचा कागद ने, केस पेपरच्या रांगेत सकाळी लवकर उभी राहा. खासगीत जाणार असशील तर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का ते बघ. सोनोग्राफीला फॉर्म भरून घेतात, तो प्रत्येकीलाच भरावा लागतो. ती टाळू नकोस. गर्भ पिशवीत आहे की नळीत, ते तिथे कळतं. नळीत असेल तर गोळ्यांनी काम होत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. म्हणून मैत्रिणीच्या मित्राने कुठून तरी आणलेल्या गोळ्या अजिबात नकोत. हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासायला सांग. रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागेल का, ते तिथेच विचार.

माझे सात आठवडे भरले होते. पहिली गोळी तिथेच दिली, पुढच्या दोन दिवसांनी. शनिवार-रविवार मी आत्याकडे ‘प्रोजेक्ट’ करायला राहिले. पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, गाठी जातात, पोट पिळवटून निघतं. गरम पाण्याची पिशवी, जाड पॅड, जुनी चादर. तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, ताप उतरत नाही, चक्कर येतेय किंवा घाण वास येतोय, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी १०८ ला फोन कर.

ठेवायचं ठरवलंस तर तोही तुझाच निर्णय. माझ्या वर्गातल्या एकीने ठेवलं. तिचं लग्न झालेलं होतं, तेवढं सोपं गेलं असेल. ७५ टक्के हजेरीची काळजी असेल तर कमी हजेरीवाल्यांची ब्लॅकलिस्ट लागायच्या आधी सर्टिफिकेट जोडून लेखी अर्ज दे आणि पोचेची सही घे. यूजीसीने २०२१ मध्येच विद्यापीठांना गरोदर विद्यार्थिनींना हजेरीत सवलत द्यायला सांगितलंय. तिचे दोन विषय राहिले, एटीकेटीने सुटले. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती तिने एकदाही चुकवली नाही. बाळ दत्तक द्यायचं असेल तर बालकल्याण समितीकडे जायचं. सही केल्यावर फेरविचाराला ६० दिवस मिळतात.

रात्री झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलता येतं.

आणि एक. दहाव्या दिवशी मी हौसेने पुन्हा टेस्ट केली. दोन ठळक रेषा. कॉलेज सोडून धावत ऐरोली गाठली, आत्याने डॉक्टरांना फोन लावला. संप्रेरक अंगातून जायला काही आठवडे लागतात, त्यामुळे ही टेस्ट आत्ता करायचीच नसते, पंधराव्या दिवशी दाखवायला या, असं त्या म्हणाल्या. गेले, पिशवी साफ होती. डॉक्टरांनी पाळणा लांबवण्याच्या साधनांचं तिथेच समजावलं, कारण पुढची पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. येताना आत्याने जर्नलचं कव्हर माझ्याकडून मागून घेतलं आणि ऐरोली स्टेशनबाहेरच्या कचराकुंडीत टाकलं.