उपवनला फॅमिली फोटो काढताना

ठाण्यात उपवन तलावावर फोटो काढायचे असतील तर कॅलेंडरमधल्या सूर्यास्ताच्या वेळेवर विसंबू नका. पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्याने ऊन बरंच आधी जातं. हाताशी तासभर ठेवूनच पोहोचा. सूर्य सगळ्यांच्या पाठीशी घ्या, म्हणजे मुलं डोळे बारीक करत नाहीत. मात्र मागच्या उजेडाने कॅमेरा फसतो आणि चेहरे काळवंडतात, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा याची सेटिंग) +०.७ ते +१ करा.

शटरचा वेग १/५०० सेकंदापेक्षा कमी नको. मोठ्यांना १/१२५ पुरतं, दोन वर्षांच्या पोराला नाही. उजेड उतरला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवा. फोटोत थोडे दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ ५.६ ठेवा. एफ १.८ वर पुढचं बाळ स्पष्ट आणि मागचे आजोबा धूसर, हे हमखास होतं.

गुडघे टेकून कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. "इकडे बघ, हस" हा आई-बाबांचा गजर आधी बंद! त्यांनी फक्त लेन्सकडे बघायचं. मुलाला हाक मारायला एकच माणूस, तोही फोटोग्राफरच्या डोक्याच्या अगदी मागे. बाजूला उभा राहिला की मुलाची नजरही बाजूलाच जाते. खाऊ आधीच द्या. चॉकलेट नको, चुरमुरे बरे.